भोंग्यानंतरचा तास

"हळू बोला, अमेरिका झोपलीय," असं म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आम्हाला भूगोल शिकवायला होता.

वर्गात गलका झाला की बाकीचे मास्तर टेबलावर छडी आपटायचे. सर तसलं काही करायचे नाहीत. ओठांवर बोट ठेवायचे, दाराबाहेर डोकावून बघायचे आणि खालच्या आवाजात एवढंच वाक्य म्हणायचे. आणि आम्ही शेवगाव तालुक्यातली, कपाशीच्या आणि उसाच्या रानातून पायपीट करत आलेली पोरं, गपगार बसायचो. अमेरिका आमची कोण लागत होती, देव जाणे. पण कुणाचं तरी लेकरू झोपलंय आणि आपल्या आवाजानं ते उठेल, असं खरोखर वाटायचं. दुपारच्या सुट्टीत मैदानावर आरडाओरडा करताना मात्र कुणाला अमेरिकेची फिकीर नसायची, आणि सरही तेव्हा काही बोलायचे नाहीत. मैदान त्यांच्या हद्दीत येत नव्हतं.

सरांच्या वर्गात किती वाजले हा प्रश्नच नव्हता. तिथं माणसं काय करत असतील, हा प्रश्न होता. रस्त्यात भेटले, किराणा दुकानात भेटले, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसले, तरी विचारणार, "लंडनमध्ये आत्ता काय चाललं असेल गं?" आपण घास गिळून सांगायचं, "चूळ भरत असतील सर." बरोबर असलं तर मान हलवायचे. चुकलं तर म्हणायचे, "अगं, अंधारात उठवलंस की त्यांना." आणि असं म्हणायचे की आपण खरंच कुणाची झोपमोड केली असं वाटावं.

एकदा तपासणीला साहेब आले होते. सफारी घातलेले, कडक. त्यांनी आमच्या वर्गातल्या एकाला उभं केलं आणि विचारलं, "जपानमध्ये आत्ता किती वाजले असतील?" पोरगं म्हणालं, "शाळा सुटून घरी निघाली असतील." साहेब म्हणाले, "वाजले किती?" पोरगं म्हणालं, "ते माहीत नाही, पण भूक लागली असेल त्यांना." हेडमास्तरांचा चेहरा पडला. सर शांतपणे पुढं आले आणि म्हणाले, "साहेब, किती वाजले ते घड्याळ सांगतं. माणूस काय करतोय ते भूगोल सांगतो." साहेबांनी शेरा काय लिहिला ते कळलं नाही, पण जाताना गाडीत बसता बसता त्यांनी सरांना विचारलेलं मी ऐकलंय, "माझी मुलगी ऑस्ट्रेलियात आहे. ती आत्ता काय करत असेल?" सर म्हणाले, "दिवेलागण झाली असेल साहेब. स्वयंपाकाला लागली असेल." साहेब काच वर करून ड्रायव्हरला चल म्हणाले.

बाकांचीही त्यांनी पृथ्वी केली होती. दाराकडून ऊन यायचं, म्हणून दाराची रांग जपान. मधली भारत. भिंतीकडची इंग्लंड, आणि अगदी मागं, फळ्यावरचं धड दिसायचं नाही तिथं, अमेरिका. डबे खायचे ते सूर्याच्या क्रमानं. जपाननं डबा उघडला की भारतानं नुसतं बघायचं. भारताचं होईपर्यंत इंग्लंडच्या पोटात कावळे ओरडायचे, आणि अमेरिकेची पाळी येईपर्यंत घंटा व्हायची. एका पोराची आई तर भरल्या वर्गात आली. "सर, माझ्या लेकराला अमेरिकेतून काढा, लई वाळलंय," म्हणाली. सर म्हणाले, "बाई, पुढच्या महिन्यात भारतात घेतो." आणि घेतलाही.

स्वतः मात्र शाळेत उशिरा यायचे. रोज नाही, पण यायचे. हेडमास्तरांनी विचारलं की उत्तर तयार असायचं. आपण पाळतो ते घड्याळ मिर्झापूरकडच्या रेघेवरचं, आपल्या गावाचा सूर्य त्याच्या अर्धा तास मागं असतो, मी सूर्याच्या टायमाला आलोय. हेडमास्तरही काही कमी नव्हते. ते म्हणाले, "मग पगारबी सूर्याकडूनच घेत जा." तेव्हापासून महिनाभर सर वेळेवर आले.

आता मुद्द्याचं. काही देशांत वर्षातून दोनदा सगळे लोक घड्याळ हलवतात, हा धडा सरांचा जीव की प्राण होता. पुस्तकात त्यावर जेमतेम चार ओळी होत्या. सर त्यावर आठवडा घालवायचे.

"उन्हाळ्यात आपली शाळा सकाळची होते का नाही?"

"होते सर."

"का?"

"ऊन लागतं म्हणून."

"म्हणजे घड्याळ जागच्या जागी राहतं आणि शाळा सरकते. तिकडं उलटं. शाळा, हापीस, बाजार, सगळं जागच्या जागी ठेवतात, आणि घड्याळच सरकवतात. उन्हाळा आला की एक तास पुढं. हिवाळा आला की तोच तास मागं. उजेड फुकट जाऊ नये म्हणून."

मागच्या बाकावरून, म्हणजे अमेरिकेतून, कुणीतरी विचारलं, "म्हणजे सगळा देश एकदम खोटं बोलतो का सर?"

"सगळ्यांनी एकदम बोललं की त्याला खोटं म्हणत नाहीत. कायदा म्हणतात," सर म्हणाले.

नुसतं सांगून त्यांचं भागेना. आम्ही नववीत असताना मार्च महिन्यात एके दिवशी त्यांनी शाळेचं घड्याळ एक तास पुढं करून ठेवलं. शिपाईमामांनी त्या घड्याळावर घंटा दिल्या. शाळा तासभर आधी सुटली. हेडमास्तर शेवगावला मीटिंगला गेले होते, ते एसटीतून उतरले तर अख्खी शाळा पारावर गोट्या खेळताना दिसली. सरांना मेमो मिळाला. सरांनी उत्तरात लिहिलं की घेतलेला तास नियमाप्रमाणे नोव्हेंबरात परत करण्यात येईल.

पण नोव्हेंबरापर्यंत आम्ही दहावीला गेलेलो. सर एक जादा तास मागायला आले, तर आमच्या वर्गशिक्षकांनी दारातूनच वाटेला लावलं, बोर्डाचं वर्ष आहे म्हणाले. दर वर्षी हेच. मार्चात सर एका वर्गाचं घड्याळ पुढं करायचे, आणि मागं घ्यायच्या वेळी तो वर्ग त्यांच्या हातात नसायचा. परिणाम असा की आमच्या गावाच्या कितीतरी पिढ्यांना हा धडा अर्धाच येतो. घड्याळ पुढं जातं हे सगळ्यांना माहीत, कारण तेव्हा सुट्टी मिळाली होती. मागं येतं हे कुणाच्या डोक्यातच नाही. माझ्या लग्नात सर मांडवात आले आणि अक्षता टाकून झाल्यावर नवऱ्याला म्हणाले, "हिच्याकडं माझा एक तास बाकी आहे बरं का." नवरा कर्जतचा. त्याला हा प्रकार ठाऊक नव्हता. त्याला समजावून सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आले.

माझा धाकटा भाऊ दत्ताही सरांच्याच हाताखालचा. तो दोन वर्षांपूर्वी, राखीपौर्णिमा झाली आणि कॅनडाला गेला. शिकायला म्हणून गेला, पण शिक्षण सकाळी आणि दुपारनंतर एका मोठ्या गोदामात माल चढवा-उतरवायचं काम. तिथून बस, बसमधून उतरून चालत खोलीवर. खोलीत नेट, बाहेर नाही, कारण नवीन नवीन पोरगं, जपून वापरायचं. म्हणून खोलीत पाऊल टाकलं की पहिला फोन घरी. त्याची ती झोपायची वेळ, आमची सकाळची.

आमच्या गावाला कारखान्याचा भोंगा ऐकू येतो. सकाळी आठची पाळी बदलते तेव्हा होतो तो आमचा मुख्य भोंगा. त्यावर गावात दूध डेरीला जातं, त्यावर पोरांना अंघोळीला हाकलतात. आणि दत्ता गेल्यापासून त्यावरच त्याचा फोन यायचा. भोंगा झाला की आई हात पुसून ओट्यावर येऊन बसायची, आणि बसते न बसते तोच फोन वाजायचा. असा रोज, एक दिवस चुकला नाही. त्यामुळं आईच्या मनात असं पक्कं बसलं होतं की भोंगा कारखाना करतो आणि फोन भोंगा करतो. पोरगं बोललं की मग ती चहा घ्यायची. तोवर नाही.

त्याच वर्षी मी दिवाळीला आले होते. भाऊबीज होऊन बरेच दिवस झाले तरी माहेरातून पाय निघत नव्हता. शेवटी सोमवारी निघायचं ठरलं. आदल्या दिवशी, रविवारी सकाळी दत्ताचा फोन आला होता, तेव्हा तो म्हणाला होता की रस्त्यावर बर्फाचा थर बसलाय, काचेसारखा, काल बसथांब्यावर पाय घसरून पडलो. हसत हसतच म्हणाला. आई हसली नाही. दिवसभर तिच्या तोंडात एकच, "काचेवरून चालतंय माझं पोरगं."

सोमवारी भोंगा झाला. आई ओट्यावर बसली. फोन आला नाही.

पाच-दहा मिनिटं गेली. मग आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, लावून बघितला. "नुसतं कॉलिंग म्हणतंय," ते म्हणाले. "रिंगिंग काय म्हणंना." व्हॉट्सॲपवर हा फरक आता आमच्याकडं शेळ्या राखणाऱ्यालाही कळतो. रिंगिंग म्हणजे माणूस आहे. कॉलिंग म्हणजे तिकडं काही पोचतच नाही. मी लावला, तेच. पुन्हा लावला, पुन्हा तेच. आई काही विचारत नव्हती. नुसती माझ्या अंगठ्याकडं बघत होती.

दूध घालून येणारे लोक ओट्यापाशी थांबायला लागले. चुलतभाऊ आला. त्यानं मोबाईल काढून बर्फात एकमेकांवर आदळलेल्या गाड्यांचा व्हिडिओ दाखवला आणि म्हणाला, "हे कॅनडातलंच हाय, काल आलंय ग्रुपवर." मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. शेजारच्या काकू येऊन आईला टेकून बसल्या, आणि आमच्याकडं बाया अशा टेकून कधी बसतात ते मला चांगलं माहीत होतं. आबा अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते, आणि चुलता म्हणत होता, "कुणाला तरी विचाराया पायजे, तिथं आपलं वळखीचं कोन हाय?" कुणीही नव्हतं.

तेवढ्यात सर मोपेडवरून चालले होते. दाराशी एवढ्या चपला बघून त्यांनी गाडी लावली. असल्या वेळी चपला बघून माणूस काय समजतो ते सांगायला नको. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि हळूच मला विचारलं, "कोण गं?"

"कोणी नाही सर," मी म्हणाले, आणि मला रडूच आलं. "दत्ताचा फोन आला नाही. भोंगा होऊन किती वेळ झाला."

सरांनी बोटांवर काहीतरी मोजलं, आणि टोपी परत डोक्यावर घातली.

"काल नोव्हेंबरचा पहिला रविवार झाला," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तिकडचं घड्याळ काल एक तास मागं गेलं. त्याचं काम आता तासभर उशिरा सुटणार, आपल्या हिशोबानं. तो अजून गोदामातच आहे. आपला भोंगा झाला, त्याचा व्हायचाय."

कुणालाच काही उमगलं नाही. चुलता वैतागला. "सर, ही काय शाळा हाय का? हितं जीव टांगणीला लागलाय."

"घड्याळ पुढं जातंय ना सर?" चुलतभाऊ म्हणाला. तोही सरांचाच विद्यार्थी. "मागं कवा?"

"मागं आत्ता," सर म्हणाले. "तुमचा तेवढाच तास शिकवायचा राहिला होता."

आईनं पहिल्यांदा मान वर केली. सरांसमोर ती कधी मोठ्यानं बोललेली नव्हती. पदर सावरून तिनं विचारलं, "सर, खरं सांगताय का मन राखाया सांगताय?"

"खरं सांगतोय वहिनी. तासाभरानं फोन येईल."

मग सर ओट्याच्या कडेला बसले. शाळेची वेळ होत आली होती, पण ते उठले नाहीत. बसले आणि त्यांचा डावा गुडघा हलायला लागला. काकूंनी त्यांच्यापुढं चहा ठेवला, तो तसाच साय धरून बसला. एरवी हा माणूस चार माणसं दिसली की लंडन आणि टोकियो काढायचा. आज तोंडातून अक्षर नाही. फक्त आबांच्या चपलांचा आवाज येत होता.

मला ते सहन होईना. सर हौदावर तोंड धुवायला गेले तशी मी मागं गेले. म्हणाले, "सर, नक्की ना?"

सरांनी तोंडावर पाणी मारलं, रुमाल शोधला, सापडला नाही, बाहीनं पुसलं. "पोरी, घड्याळ मागं गेलंय यात तिळमात्र शंका नाही. जन्मभर शिकवलंय. डोळ्यांनी कधी बघितलं नाही, पण आहे ते आहे." मग आवाज आणखी खाली गेला. "पण घड्याळ एवढंच सांगतं, की त्याचा फोन यायची वेळ अजून झालेली नाही. रस्त्याचं ते काही सांगत नाही. तुझ्या आईला मी फोन येईल म्हणून बसलोय. ते मी कुठल्या पुस्तकातनं सांगितलं?"

मी त्यांना टॉवेल आणून दिला. आम्ही परत येऊन बसलो.

त्या वेळेत काय काय झालं ते नीट आठवत नाही. म्हशीनं दावं तोडलं, ते कुणी बांधलं ते माहीत नाही. चुलतभाऊ मोबाईल खिशात घालून मुकाट बसला होता. सरांचा गुडघा हलत होता. शाळेकडून घंटा ऐकू आली, हेडमास्तरांचा सरांना फोन आला, सरांनी न उचलताच बंद केला. मग आमचा वाजला.

आबांनी तो उचलला. पडद्यावर दत्ता. डोक्यात कानटोपी, नाक लाल, खोलीत शिरल्या शिरल्या उभ्याउभ्याच.

"काय झालं? एवढे मिस्ड कॉल? आई कुठाय? आई बरी हाय ना?"

त्याला वाटलं होतं आमच्यातच कुणाला काही झालं. आबांनी आयुष्यात कधी कुणाला दिल्या नसतील एवढ्या शिव्या त्याला दिल्या, आणि देता देता खाली बसले. चुलता हसत होता आणि उपरण्यानं डोळे पुसत होता. आईनं फोन घेतला. ती नुसती पडद्यावर बोट फिरवत होती, आणि तिचं बोट लागून दोनदा फोन बंद पडला, आणि दोन्ही वेळा दत्तानं परत लावला. काकूंनी चुलीवर पातेलं ठेवलं. मी ओट्यावरच्या खांबाला धरून उभी होते. असलं हलकं मला माझ्या बाळंतपणानंतरसुद्धा वाटलं नव्हतं.

मग कुणीतरी फोन सरांच्या हातात दिला. सरांनी तो दोन्ही हातांनी धरला. मला वाटलं, आता विचारणार, काय चाललंय तिकडं. पण त्यांनी विचारलं, "दत्ता, घड्याळ खरंच मागं गेलं का रे?"

"कुठलं घड्याळ सर?" दत्ता म्हणाला. मग थांबला. "हां, ते व्हय. गेलं सर. मोबाईलमधलं आपोआपच जातंय. मला तर कळलंबी न्हाई. काल एक तास जास्त झोपलो एवढंच."

सर हसायला लागले. त्यांना असं हसताना मी कधी बघितलं नव्हतं, पोट धरून, आवाज न करता. जन्मभर ज्याच्या पाठी लागले ते अखेर घडलं, आणि तिथल्या माणसाला त्याचा पत्ताच नाही, हे त्यांना फार आवडलं असावं. "जेव आणि झोप," ते म्हणाले, आणि फोन आबांना दिला.

सर पुढच्या वर्षी रिटायर झाले आणि लेकाकडं नगरला राहायला गेले. भेटणं होतं अधूनमधून. पण मला त्यांचं म्हणून काही आठवायचं झालं तर त्या सकाळचा शेवट आठवतो. लोक पांगले होते. मी पिशव्या भरायला आत चालले होते, आणि दारातून दिसलं की आई सरांसमोर उभी आहे.

"सर," ती म्हणाली, "तुमाला खात्री हुती का?"

सरांनी चष्मा काढला. "घड्याळाची होती वहिनी. पोराची नव्हती. माझं चुकलं, मी तसं बोलायला नको होतं."

"मला कळलं हुतं," आई म्हणाली. "तुमचा गुडघा तासभर थांबला न्हाई. पर मी म्हनलं, नुसतं मन राखाया बोलला असता तर त्यो माणूस साळंला निघून गेला असता. ह्यो बसलाय." मग ती ओट्यावर, त्यांच्यापासून हातभर अंतरावर, टेकली. "तुमी बसला, म्हनून मी पडले न्हाई."

सरांनी चष्मा परत घातला. आतून काकूंनी दोघांना चहा आणून दिला.